अंतर, वस्तुमान आणि पाणी : उपग्रहीय गुरुत्वसंशोधनाचे परिषदेतील निवेदन

वैज्ञानिक परिषदेत होणारे निबंधवाचन हा एक निश्चित रूपबंध असलेला भाषाव्यवहार आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासात सहसा विचारात घेतली जात नाही. कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंग, व्याख्यानमालांतील वक्तृत्व, चर्चासत्रातील निबंध यांची चिकित्सा मराठीत झालेली आहे. परंतु बारा मिनिटांचे भाषण, तीन मिनिटांची प्रश्नोत्तरे, पडद्यावर ओळीने सरकणारी दहाबारा चित्रे आणि त्यापूर्वी काही महिने धाडलेला दोनतीनशे शब्दांचा गोषवारा, एवढ्या चौकटीत जे सांगितले जाते त्याचीही एक रीत असते. तिचे स्वतःचे संकेत असतात आणि विधानाचा अर्थ पुष्कळदा त्या संकेतांवरच अवलंबून असतो. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीच्या गुरुत्वाचे मापन करणारी संशोधनशाखा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे प्रत्यक्ष मोजले जाते ते एक आणि सभागृहात सांगितले जाते ते दुसरेच. मोजलेले असते दोन उपग्रहांमधील अंतर. सांगितले जाते ते पंजाब-हरियाणातील शेतजमिनीखाली साठलेल्या पाण्याविषयी. या दोहोंच्या मध्ये किती पायऱ्या आहेत, त्या कोणत्या शब्दांनी उघड होतात आणि कोणत्या शब्दांनी झाकल्या जातात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गुरुत्वमापनाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा भारतातच सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या अमदानीत भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेतील कल्याणा या दोन स्थानकांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला. एक रीत जमिनीवरील त्रिकोणांच्या मोजणीची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांची तफावत आली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्माधिकारी असले तरी चांगले गणिती होते. हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानामुळे ओळंबा उत्तरेकडे ओढला जात असला पाहिजे असे धरून त्यांनी गणित केले, तेव्हा ती तफावत सुमारे १५.९ विकला यावयास हवी होती. म्हणजे हिमालय डोळ्यांना दिसतो तेवढा ओढत नव्हता. प्रॅट यांचा हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी त्याचे उत्तर दिले : पर्वताखाली हलक्या द्रव्याची खोल मुळे असावीत. प्रॅट यांनी पुढे निराळी उपपत्ती मांडली. उंच प्रदेशाखालील द्रव्याची घनताच कमी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. निरीक्षण एकच, उपपत्ती मात्र दोन. आणि केवळ ओळंब्याच्या साक्षीवरून दोहोंपैकी एकीची निवड करणे अशक्य होते.

गुरुत्वमापनाची ही मूलभूत मर्यादा आजही तशीच आहे. वस्तुमान किती आहे, किंवा किती वाढले अथवा घटले, हे गुरुत्व सांगू शकते. ते वस्तुमान कशाचे आहे आणि किती खोलीवर आहे, हे ते सांगत नाही. ते उत्तर अन्य मार्गाने आणावे लागते, आणि ते कोठून आणले हे सांगणे ही निबंध वाचणाऱ्याची जबाबदारी असते.

या शाखेला आजचे रूप आले ते १७ मार्च २००२ रोजी. त्या दिवशी रशियातील प्लेसेत्स्क येथून अमेरिकेची नासा आणि जर्मनीची अंतराळसंस्था यांच्या संयुक्त योजनेतील दोन जुळे उपग्रह कक्षेत सोडण्यात आले. योजनेचे आद्याक्षरी नाव ‘ग्रेस’. मराठी वाचकाला हे नाव उच्चारताच नागपूरचे कवी माणिक गोडघाटे आठवतील. परंतु येथील ग्रेस गुरुत्वक्षेत्र आणि हवामान यांच्या अभ्यासासाठीचे आहे. हे दोन उपग्रह सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, एकामागे एक असे सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत. पुढचा उपग्रह अधिक वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की तो किंचित पुढे ओढला जाई आणि दोघांमधील अंतर वाढे. तो प्रदेश ओलांडला की मागे खेचला जाई. मग मागच्याची पाळी येई. अंतरातील हे चढउतार सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने काही मायक्रॉनांपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर, मोजले जात. दिवसाला सुमारे पंधरा प्रदक्षिणा होत. महिनाभराच्या मोजण्या एकत्र केल्या की पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्राचा त्या महिन्याचा एक नकाशा सिद्ध होई, आणि लागोपाठच्या महिन्यांचे नकाशे ताडून पाहिले की कोठे वस्तुमान वाढले व कोठे घटले ते कळे.

या फरकांचा सूक्ष्मपणा ध्यानात घेण्यासारखा आहे. चार सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा विस्तीर्ण थर जमिनीवरून नाहीसा झाला, तर तेथील गुरुत्वात होणारा बदल अब्ज भागांत दोन भागांहूनही कमी असतो. एवढी सूक्ष्म संख्या सभागृहातील श्रोत्यापुढे ठेवून काही साधत नाही. म्हणून या शाखेने निवेदनाची एक युक्ती स्वीकारली. वस्तुमानातील बदल हा जणू पृथ्वीच्या पृष्ठभागावर पसरलेल्या पाण्याच्या पातळ थरातील बदल आहे असे समजावयाचे आणि तो सेंटिमीटरांत सांगावयाचा. जॉन वार, मेरी मोलेनार आणि फ्रँक ब्रायन यांचा १९९८ सालचा निबंध, म्हणजे उपग्रह सुटण्याच्या चार वर्षे आधीचा, या गणिताचा आधारग्रंथच ठरला. मराठीत या एककाला ‘पाण्याची समतुल्य उंची’ म्हणता येईल.

ही समतुल्यता वस्तुतः एक उपमा आहे, आणि उपमेतील ‘जणू’ वापराने झिजत जातो. नकाशाखाली सेंटिमीटरांची पट्टी असते, तिच्यावर ‘पाणी’ हा शब्द असतो, आणि पाचव्या चित्रापर्यंत वक्ता व श्रोते दोघेही ‘जणू पाणी’ न म्हणता ‘पाणी’ म्हणू लागतात. २००४ सालच्या सुमात्रा-अंदमान भूकंपात भूकवचाच्या हालचालीमुळे झालेला गुरुत्वातील बदलही याच उपग्रहांनी टिपला होता. तोदेखील पाण्याच्या सेंटिमीटरांत मांडता आला असता. परंतु तेथे कोणी त्याला पाणी समजले नसते. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर उपमेचे रूपक होते आणि रूपकाची अतिशयोक्ती. साध्यवसाना लक्षणेप्रमाणे उपमेय पार गिळले जाते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित आहे. विज्ञानाच्या सभागृहात ती दोष ठरते एवढेच.

समतुल्य पाण्यापासून खऱ्या भूजलापर्यंत जाण्याचा मार्ग वजाबाकीचा आहे. एकूण बदलातून हवेचे, भरतीओहोटीचे व समुद्राचे परिणाम आधीच वजा केलेले असतात. उरलेल्या आकड्यातून मातीतील ओलावा वजा करावयाचा, नद्या-जलाशयांचे पाणी वजा करावयाचे, बर्फ वजा करावयाचे. शेवटी जे उरते ते भूजल. यांतील प्रत्येक वजावट दुसरीकडून आणलेली असते. मातीतील ओलावा तर पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसून संगणकीय प्रतिमानांनी वर्तविलेला असतो. अर्थात प्रत्येक वजावटीची त्रुटी शेवटच्या बाकीत येऊन साठते. शिल्लक म्हणून जे हाती येते, त्याला ‘मोजलेले भूजल’ म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही बरोबर नाही. ते ‘काढलेले’ भूजल आहे, आणि मराठीतील ‘काढणे’ या क्रियापदात विहिरीतून पाणी काढणे व गणिताने उत्तर काढणे हे दोन्ही अर्थ आहेत हा योगायोग मोठा बोलका आहे.

आता सभागृहाकडे वळता येईल. या विषयावरील निबंध प्रामुख्याने दोन मोठ्या अधिवेशनांत वाचले जातात : अमेरिकन जिओफिजिकल युनियनचे डिसेंबरातील अधिवेशन, जे अनेक दशके सॅन फ्रान्सिस्को येथे भरत असे, आणि युरोपीय भूविज्ञान संघाचे व्हिएन्ना येथील वसंतातील अधिवेशन. पहिल्यास वीस हजारांहून अधिक प्रतिनिधी जमल्याची वर्षे आहेत. याखेरीज ग्रेसच्या विज्ञानमंडळाची एक लहान सभा अमेरिकेत व जर्मनीत आळीपाळीने भरत आली. तेथील श्रोतृवर्ग सर्वस्वी तज्ज्ञांचा, म्हणून तेथील भाषाही निराळी. मोठ्या अधिवेशनात त्याच दालनात हिमनद्यांचा अभ्यासक असतो, भूकंपाचा असतो, आणि एखादा सिंचनखात्याचा अधिकारीही असू शकतो.

गोषवारा डिसेंबरच्या सभेसाठी उन्हाळ्यातच पाठवावा लागतो. त्या वेळी काम पुष्कळदा पुरे झालेले नसते. यामुळे गोषवाऱ्याची भाषा वचनाची असते, ‘दाखविण्यात येईल’ अशी. आणि सभेत उभा राहणारा वक्ता काही अंशी स्वतःच्याच चार महिन्यांपूर्वीच्या वाक्याशी बांधलेला असतो. या बंधनाचा परिणाम निष्कर्षांवर किती होतो हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भित्तिपत्राची रीत त्या मानाने मोकळी. मोठ्या दालनात फलकांच्या रांगा असतात. संशोधक आपल्या फलकापाशी काही तास उभा राहतो, आणि येणाराजाणारा बोट ठेवून विचारतो : ही रेघ येथे का वाकली? भाषणाच्या शेवटच्या तीन मिनिटांत जो प्रश्न विचारता येत नाही तो येथे विचारता येतो. प्रतिष्ठा मात्र भाषणाला अधिक आहे, हे दुर्दैव म्हणावयास हवे.

बारा मिनिटांच्या भाषणात चित्रांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. प्रारंभी दोन उपग्रहांचे चित्र, मग नकाशा, मग काळानुसार उतरत जाणारी रेषा, शेवटी निष्कर्ष. यांतील नकाशा विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण तो कच्च्या स्वरूपात दाखविण्याजोगा नसतो. उपग्रह उत्तर-दक्षिण फिरत असल्यामुळे मापनातील त्रुटीही उत्तर-दक्षिण पट्ट्यांच्या रूपाने उमटतात. कच्चा नकाशा हा पट्ट्यापट्ट्यांच्या लुगड्यासारखा दिसतो. त्या पट्ट्या पुसण्याची एक रीत शॉन स्वेन्सन आणि जॉन वार यांनी २००६ साली दिली. त्याशिवाय शेकडो किलोमीटरांच्या परिसरात सरासरी काढून नकाशा गुळगुळीत केला जातो. परंतु गुळगुळीत करताना खरी खूणही पसरते. एका प्रदेशातील घट शेजारच्या प्रदेशात झिरपते. या शाखेत तिला गळतीच म्हणतात. ती भरून काढण्यासाठी आकडा एका गुणकाने वाढवावा लागतो, आणि तो गुणक कसा ठरविला हा जाणत्या श्रोत्याचा पहिला प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न ‘कोणती प्रत?’ असा असतो. उपग्रहांची मोजणी एकच असली तरी तिच्यावरून मासिक गुरुत्वक्षेत्र सिद्ध करण्याचे काम टेक्सासमधील ऑस्टिन, जर्मनीतील पॉट्सडॅम आणि कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील तीन केंद्रे स्वतंत्रपणे करीत आली. तिघांचे पाठ तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय प्रत्येक केंद्र काही वर्षांनी सगळी सामग्री नव्याने संस्कारून सुधारित आवृत्ती काढते, आणि जुन्या आवृत्तीवरून काढलेला आकडा नव्या आवृत्तीवरून काही प्रमाणात बदलतो. पाठचिकित्सेची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला हे सहज उमगेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा आधार घेतलेला आहे. तेथे स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद तळाशी दिलेले असतात. गुरुत्वसंशोधनात पाठभेदांची जागा अधिक-उण्याच्या चिन्हाने घेतली आहे. फरक असा की तळटीप वगळून महाभारत छापले तरी ते महाभारतच राहते; अधिक-उण्याचा आकडा वगळला तर शिल्लक राहिलेले विधान मूळ विधान राहत नाही.

याचे सर्वांत महत्त्वाचे भारतीय उदाहरण २००९ सालचे आहे. त्या वर्षी उत्तर भारताच्या भूजलाविषयी ग्रेसच्या आधारे दोन निबंध प्रसिद्ध झाले. ऑगस्टमध्ये मॅथ्यू रोडेल, इझाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा या प्रदेशात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात भूजल वर्षाला ४.० अधिक-उणे १.० सेंटिमीटर समतुल्य उंचीने, म्हणजे १७.७ अधिक-उणे ४.५ घन किलोमीटर एवढे, कमी होत गेले असे त्यांचे अनुमान होते. एकूण तूट १०९ घन किलोमीटर. दुसरा निबंध हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील विरेंद्र तिवारी यांनी वार व स्वेन्सन यांच्यासह लिहिलेला. त्यात उत्तर भारत व त्याच्या आसपासचा, सुमारे साठ कोटी वस्तीचा प्रदेश घेतला होता, आणि एप्रिल २००२ ते जून २००८ या काळासाठी आकडा होता वर्षाला ५४ अधिक-उणे ९ घन किलोमीटर.

एक आकडा दुसऱ्याच्या तिप्पट. केवळ आकडेच ऐकणाऱ्याला वाटेल की दोघांपैकी एक चुकला आहे. वास्तविक दोघांनी दोन निराळे प्रदेश मोजले आहेत. सीमारेषा कोठे ओढली यावर आकडा ठरतो. मौज अशी की पहिल्या निबंधाच्या शीर्षकात ‘भारत’ आहे आणि प्रदेश तीन राज्यांचा. दुसऱ्याच्या शीर्षकात ‘उत्तर भारत’ आहे आणि प्रदेश त्याहून कितीतरी विस्तृत. त्याच शीर्षकांकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. पहिले स्वतःला ‘उपग्रहाधारित अनुमान’ म्हणवते, म्हणजे साधन आणि साशंकता दोन्ही शीर्षकातच सांगून टाकते. दुसऱ्यात ओहोटी लागलेल्या संपत्तीचे चित्र प्रथम येते आणि साधन मागाहून. मजकुरात मात्र दुसरा निबंध एका बाबतीत आदर्श म्हणावा असा आहे. त्याच्या गोषवाऱ्यात वस्तुमानाची घट दाखविण्याचे कर्तृत्व निरीक्षणांकडे आहे. ती घट भूजलाच्या अतिउपशामुळे आहे हे सांगताना वाक्याचा कर्ता बदलतो आणि ‘आम्ही’ येतो. यंत्राने काय सांगितले आणि माणसांनी त्याचा काय अर्थ लावला, यांची सीमा एका सर्वनामाने आखली आहे.

मराठीत हे साधणे अवघड आहे, आणि त्याचे कारण मराठीच्या शास्त्रीय गद्याच्या सवयींत आहे. ‘आढळून आले’, ‘दिसून येते’ अशा कर्ताहीन रचनांकडे आपल्या शास्त्रीय लेखनाचा ओढा आहे. ‘पंजाबात भूजल कमी झालेले दिसते’ या वाक्यात ‘दिसते’ म्हणजे डोळ्यांना दिसते, की तसे वाटते? पहिला अर्थ निरीक्षणाचा, दुसरा अनुमानाचा. बोलण्यात सूर व संदर्भ यांनी हे कळते. छापील गोषवाऱ्यात कळत नाही. ‘डिप्लीशन’ या इंग्रजी शब्दाचा अनुवाद करतानाही अशीच निवड करावी लागते. ‘घट’ हा शब्द तटस्थ आहे. पाऊस कमी पडला तरी घट होते. ‘उपसा’ म्हटले की पंप आला, पंप चालविणारा शेतकरी आला, वीजदर आला. ‘ऱ्हास’ म्हटले की निवाडाच झाला. उपग्रहाच्या अंगाने पाहिले तर त्याला ‘घट’ एवढेच म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तोही वस्तुमानापुरता. ‘उपसा’ म्हणण्यासाठी त्या वर्षांत पाऊस सरासरीच्या आसपास होता हे दाखवावे लागते, आणि २००९ च्या ‘नेचर’मधील निबंधाने नेमका तोच युक्तिवाद केला होता. म्हणजे एका शब्दाऐवजी दुसरा वापरण्याचा हक्क मिळविण्यासाठी पर्जन्यमानाची स्वतंत्र नोंद आणावी लागली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांना हा हक्क फुकट मिळतो.

आकड्यांच्या उपमानांचीही अशीच गोष्ट आहे. १०९ घन किलोमीटर म्हणजे किती हे ‘नेचर’मधील निबंधाने भारतातील सर्वांत मोठ्या जलाशयाच्या क्षमतेच्या दुप्पट असे सांगितले. नासाच्या वृत्तपत्रकात मात्र अमेरिकेतील लेक मीड तीन वेळा भरेल एवढे पाणी, असे त्याचे रूपांतर झाले. श्रोता बदलला की तळे बदलते. मराठी वाचकासाठी हेच सांगावयाचे तर महाराष्ट्रात धरणांची भाषा टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची आहे, वर्षाचे १७.७ घन किलोमीटर म्हणजे सुमारे ६२५ टीएमसी, आणि कोयनेचा जलाशय सुमारे १०५ टीएमसीचा, तेव्हा दरवर्षी सहा कोयना. हे उपमान समजावयास सोपे आहे, पण फसवेही आहे. कोयना पावसाळ्यात पुन्हा भरते. जमिनीखालील साठा त्या वेगाने भरत नाही; आणि अधिक-उणे ४.५ घन किलोमीटरांची अनिश्चितता स्वतःच दीड कोयनेएवढी आहे, हे ‘सहा कोयना’ या शब्दांतून ऐकू येत नाही.

पुढच्या काळात या आकड्यांची फेरतपासणी झाली, आणि तीही शिकण्यासारखी आहे. २०१६ साली एका संशोधकगटाने वायव्य भारतातील घट ग्रेसच्या आधारे वाजवीपेक्षा जास्त सांगितली गेली काय, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला. वादाचा मुख्य मुद्दा वर सांगितलेला गळती व गुणक यांचाच होता. त्याच वर्षी ॲलन मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधू-गंगेच्या खोऱ्यातील प्रत्यक्ष विहिरींच्या नोंदी एकत्र करून दाखविले की २००० ते २०१२ या काळात या जलधरापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्रात पाण्याची पातळी स्थिर होती किंवा वाढत होती. घट तीव्र होती, परंतु विशिष्ट भागांत एकवटलेली. आणि क्षार व आर्सेनिक यांनी पाणी निकामी होणे हा अनेक ठिकाणी घटीहून मोठा प्रश्न होता. उपग्रहाचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. उपग्रहाची नजर तीनचारशे किलोमीटरांची आहे; तेवढ्या प्रदेशाची एक सरासरी त्याला कळते, आणि पाणी गोड की खारे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

या नजरेचा आवाका न सांगता केलेले निवेदन धोक्याचे असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावे लागले. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे सात हजार चौरस किलोमीटर, म्हणजे उपग्रहाला स्पष्ट दिसू शकणाऱ्या लहानात लहान प्रदेशाचा जेमतेम दहावा-पंधरावा हिस्सा. त्यात दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी गंगेच्या गाळाप्रमाणे अखंड साठत नाही. ते भेगांत व मुरमाच्या थरांत तुटकतुटक असते, आणि एका विहिरीला पाणी असताना शंभर हातांवरची कोरडी असते. अशा ठिकाणी मासिक नकाशावरील एका रंगाच्या ठिपक्यावरून तालुक्याविषयी विधान करणे म्हणजे महाकोशाच्या अनुक्रमणिकेवरून नोंदीचा मजकूर सांगण्यासारखे आहे. परिषदेत हा प्रश्न क्वचित विचारला जातो, कारण तेथील नकाशात लातूर असते पण त्याचे नाव नसते.

पहिल्या ग्रेसचे कार्य ऑक्टोबर २०१७ मध्ये संपले आणि त्याची जागा घेणारी जोडी २२ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातून प्रक्षेपित झाली. जुन्या जोडीच्या विद्युतघटांची शक्ती २०११ पासूनच क्षीण झाली होती, त्यामुळे अधूनमधून एखाद्या महिन्याची नोंदच नाही. आणि जुन्या मालिकेच्या शेवटच्या महिन्यापासून, जून २०१७ पासून, नव्या मालिकेच्या पहिल्या महिन्यापर्यंत, जून २०१८ पर्यंत, मधले अकरा महिने संपूर्ण कोरे आहेत. आता वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधात उतरत्या रेषेत हे खिंडार येते. कोणी दोन्ही काठ सरळ रेघेने सांधतो, कोणी प्रतिमानांच्या साहाय्याने ते महिने भरून काढतो व त्यांना निराळा रंग देतो, आणि कोणी जागा कोरी सोडतो. कोरी सोडणाऱ्याला प्रश्नोत्तरांच्या वेळी हमखास विचारले जाते की मधले काय झाले. आणि त्याला उत्तर म्हणून पंजाबातील विहिरींच्या त्या वर्षीच्या नोंदी काढून दाखवाव्या लागतात.